अर्ध्या वर्षाची खोली

बेनिरोक, १२ सप्टेंबर २०२३

जिलियन,

तपकिरी पाकीट मिळालं. आत पेन्शन खात्याची दोन पत्रं, बँकेचं एक, आणि कुणीतरी मला श्रवणयंत्र विकायला बघतंय त्याची जाहिरात. तुझी चिठ्ठी नव्हती. दीड वर्षात कधीच नसते, तरी मी पाकीट उलटं करून झटकते. वरचा पत्ता तुझ्या अक्षरात असतो, हेही काही कमी नाही. आमचं टपाल तू अजून इमानानं पुढे पाठवतेस, त्याचे आभार मानायला हे लिहितेय.

फोन करायचं धाडस नाही. तू ठेवून दिलास तर पुन्हा लावायचा धीर व्हायचा नाही. पत्राचं बरं असतं, तू फाडलंस तरी मला दिसत नाही.

इथे सगळं ठीक. बदाम झोडून झाले. आम्पारो ऐंशी पार झाली तरी काठी घेऊन झाडाखाली जाते आणि आम्हाला सगळ्यांना आळशी म्हणते. आम्पारो तुला आठवत असेल, पलीकडच्या दाराची, काळ्या कपड्यांतली. बाबा गेला तेव्हा तिनंच तुला बळंबळं सूप पाजलं होतं.

जुलैत मी चार दिवस इंग्लंडला येऊन गेले. ब्रॅडफर्डला मेव्हिसकडे उतरले होते. लोकरीच्या दुकानातली माझी जुनी सोबतीण. तुला कळवलं नाही, म्हटलं तुझ्या कामाचे दिवस. परत स्पेनमध्ये येताना आलिकांतेच्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"इथलं रहिवासी कार्ड?"

"कार्ड नाही, घर आहे," मी म्हटलं.

त्यानं ठप्पा मारला. "मग तुम्ही पाहुण्या. नव्वद दिवस."

सोळा वर्षं मी इथे राहतेय, जिलियन. माझ्या अंगणातलं लिंबाचं झाड त्या माणसाच्या मिशांपेक्षा जुनं असेल. पण मुकाट्यानं पासपोर्ट उचलला आणि कॉन्सुएलोकडे गेले. कॉन्सुएलो गावात सरकारी कागदपत्रांची कामं करते. इथे प्रत्येक गावात असं एक माणूस असतंच. ते नसेल तर सरकार आणि जनता एकमेकांना ओळखणारच नाहीत. तिनं चष्मा लावून सांगितलं की आपला देश युरोपातून बाहेर पडायच्या आधीपासून, म्हणजे दोन हजार वीस संपायच्या आधीपासून, जे इंग्रज इथे राहत होते त्यांना राहायचा हक्क आहे. फक्त राहत होतो हे सिद्ध करायचं.

"सोपं आहे," मी म्हटलं.

"हो ना. नगरपालिकेत नाव?"

नाव नाही. विजेचं बिल एउसेबिओच्या नावावर. आमच्याआधी ज्याचं हे घर होतं तो एउसेबिओ; आम्ही येण्याआधीच वारला, आणि नाव बदलून घ्यायची घाई कुणाला होती? पाण्याचं बिलही त्याचंच. डॉक्टर खाजगी, पैसे हातात, पावती कुणी मागितली नाही. घराचं खरेदीखत आहे, पण कॉन्सुएलो म्हणते, घर घेणं वेगळं आणि राहणं वेगळं. निम्म्या युरोपची इथे घरं आहेत. बँक, पेन्शन, मतदार यादी, सगळीकडे तुझ्या घरचा पत्ता. थोडक्यात, कागदावर माझ्या घरात एक मेलेला माणूस राहतो आणि मी तुझ्या मागच्या खोलीत.

मी हसले. कॉन्सुएलो हसली नाही.

तू काळजी करू नकोस. काहीतरी मार्ग निघेल. मागची खोली अजून पिवळीच आहे का गं? सहज विचारते.

आई


बेनिरोक, ५ ऑक्टोबर

जिलियन,

अर्ज दाखल झाला. निकाल लागेपर्यंत मला कुणी हलवू शकत नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण पहिल्यांदाच माझ्या बाजूनं आहे.

गेल्या आठवड्यात जे झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण त्यात तुझ्या बाबाचा हात आहे. मेल्यानंतरही तो स्वस्थ बसत नाही.

एकोणतीस वर्षं गाडी चालवण्याची परीक्षा घेणारा माणूस. आरशात पाहिलं नाही म्हणून त्यानं आपल्या पाद्र्याला नापास केलं होतं, आणि पुढच्या रविवारी पाद्र्यानं आपल्या बाकाकडे पाहत दयेवर प्रवचन दिलं, आठवतं? हॅलिफॅक्सला त्यानं कधी पिवळा दिवा ओलांडला नाही. इथे आल्यावर मात्र नगरपालिकेत नाव घालायचं म्हटलं की मान ताठ. "मी कुठे झोपतो ते सरकारला कशाला सांगू? आपल्याकडे पोलिसालासुद्धा ओळखपत्र दाखवावं लागत नाही." इथल्या झाडून सगळ्या इंग्रजांच्या तोंडी हेच वाक्य असायचं. बारमध्ये बसून ते एकमेकांना शहाणे करून सोडायचे. निम्म्याहून जास्त वर्ष इथे राहता असं कळलं तर करवाले दार ठोठावतील, तेव्हा कळू द्यायचंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर पहिल्याच हिवाळ्यात तुझ्या बाबानं गल्लीतल्या दारोदार जाऊन, मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करून सांगून ठेवलं की कुणी सरकारी माणूस आला तर म्हणायचं, इंग्रज थंडीत चार दिवस येतात आणि जातात. गल्लीनं मान डोलावली. करवाल्यांपासून काहीतरी लपवायचं असतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता गेल्या गुरुवारचं ऐक. मी राहते की नाही याची चौकशी करायला संध्याकाळी व्हिसेन्त आला. गावात पोलीस दोन, त्यातला हा जाड मिशांचा. बाबाच्या सत्तरीला आपल्या अंगणात टेबलावर चढून गाणं म्हणणारा हाच. पण कागदावर शेजाऱ्यांचं म्हणणं लागतं, त्याचं स्वतःचं चालत नाही. गल्लीत रोजच्यासारख्या खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. मी आणि आम्पारो टोपली मधे ठेवून शेंगा सोलत होतो.

"आम्पारोमावशी, या एनिदबाई इथे किती वर्षं राहतात?"

"कोण राहते?"

"या. तुमच्या शेजारी बसल्यात त्या."

आम्पारोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू आत्ताच बसमधून उतरले. "ही होय! छे रे. थंडीत येते चार दिवस, आणि जाते आपल्या राणीकडे."

"राणी वारली, मावशी."

"तरी जाते."

"मावशी, त्यांच्या हातात तुमची टोपली आहे."

"मग? पाहुणीला कामाला लावू नये असा कायदा आलाय का?"

पाववाला कायेतानो तेवढ्यात आला. त्यालाही विचारलं. "या घरी मी पाव देत नाही," तो छातीला हात लावून म्हणाला. माझ्या दाराच्या कडीला आमची कापडी पिशवी लटकत होती आणि तिच्यातून त्याचाच पाव डोकावत होता. व्हिसेन्तनं पावाकडे पाहिलं, पाववाल्याकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं.

मी उठून उभी राहिले. "अगं आम्पारो, खरं सांग ना! मी इथे राहते!"

आम्पारोनं मला खाली ओढलं, माझा गुडघा थोपटला आणि कानात म्हणाली, "घाबरू नकोस. मेले तरी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी कॉन्सुएलोनं अहवाल वाचून दाखवला. अर्जदार येथे राहत नसल्याचे शेजारी एकमताने सांगतात. सोळा वर्षांत या गल्लीचं गटाराच्या झाकणावरही कधी एकमत झालं नव्हतं.

मी आम्पारोला सगळं समजावलं. तेव्हा करवाल्यांसाठी आपण इथे नव्हतो, आता परदेशी लोकांच्या कचेरीसाठी आपण इथे कायम होतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला कळलं. पण तुझ्या बाबाचं नाव घेऊन ती हट्टाला पेटली. "शब्द तुला नाही दिलेला, सेन्योर नॉर्मानना दिलाय. जिवंत माणसाचा शब्द मोडला तर तो भांडतो, शिव्या देतो, मग मिटतं. मेलेला काय करणार? नुसता बघत बसेल."

मला हसावं की रडावं कळेना. तू असतीस तर दोन्ही केलं असतंस.

आई


बेनिरोक, २ नोव्हेंबर

जिलियन,

काल सर्व संतांचा दिवस होता. सगळं गाव स्मशानात, हातात बादल्या, फडकी आणि शेवंतीची फुलं. इथली थडगी म्हणजे भिंतीतले कोनाडे, हे तू पाहिलंच आहेस. पाहिलंस तेवढंच पाहिलंस. तू विमानतळावरून धावत आलीस तेव्हा बाबाच्या कोनाड्यावर फरशी बसली होती आणि गवंडी थापी धुवत होता. "माझ्यासाठी एक दिवस थांबता नाही आलं?" तू विचारलंस. मी म्हटलं, सूप घे.

आपल्याकडे दोन-तीन आठवडे थांबतात. माणूस शीतघरात, नातेवाईक सावकाश गाड्यांनी येतात, सँडविचची ऑर्डर दिली जाते. इथे आज गेला तर उद्या भिंतीत. सकाळी तो बारमध्ये सोंगट्या मांडून बसला होता, दुपारी गेला, आणि संध्याकाळपर्यंत आम्पारो, पाद्री, गवंडी सगळ्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. मला त्यांची भाषा येते, जिलियन. भांडण्याइतकी येते. पण "थांबा, माझी मुलगी येतेय" एवढं वाक्य त्या दिवशी तोंडातून फुटलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. तुला हे सांगायला मला दीड वर्ष लागलं.

तर काल. बाबा तिसऱ्या रांगेत आहे, चाकांची शिडी लावावी लागते. मी वर चढून फरशी पुसत होते. खालून आम्पारो म्हणाली, "उतर. माझं काम आहे त्याच्याशी."

ऐंशी पार केलेली बाई शिडी चढली. मी दोन्ही हातांनी शिडी धरली, कायेतानोनं आम्पारोचे पाय धरले. तिनं फरशीवर बोटानं ठकठक केलं, शेजाऱ्याच्या दारावर करावं तसं.

"सेन्योर नॉर्मान, ऐकताय ना? मी आम्पारो. आम्ही गल्लीनं तुमचा शब्द पाळला. सोळा वर्षं पाळला, परवा तर पोलिसासमोर पाळला. पण आता तुमच्या शब्दापायी तुमच्या बायकोला हाकलून देतील, आणि तुमची फरशी पुसायला मला चढावं लागेल. माझे गुडघे बघा. तेव्हा मी शब्द मोडतेय. काही हरकत असेल तर आत्ता सांगा."

आसपासच्या बायका फडकी हातात घेऊन थांबल्या होत्या. कुणी हसलं नाही, इथे या दिवशी सगळ्याच आपापल्या माणसांशी बोलतात. आम्पारोनं थोडा वेळ वाट पाहिली आणि खाली उतरली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. जिवंतपणी तरी कधी हो म्हणायचा का? गप्प बसला की हो समजायचं."

सोळा वर्षांच्या शेजारात तिला माझा नवरा माझ्याइतकाच कळला होता.

स्मशानाच्या फाटकाशी व्हिसेन्त रहदारी सांभाळत उभा होता. आम्पारोनं त्याला तिथेच गाठलं. "वही काढ."

"मावशी, आज सुट्टी आहे."

"मग शिट्टी कशाला फुंकतोयस? काढ. ही बाई सोळा वर्षं इथे राहते. बारा महिने. माझा नवरा गेला तेव्हा तीन दिवस हिनं मला तो दूध घातलेला चहा पाजला. भयंकर चहा. भयंकर लिही."

"चवीसाठी रकाना नाही, मावशी."

"समासात लिही. आणि इतकी वर्षं राहूनही हिला भात जमत नाही, हेही लिही."

मग कायेतानो पुढे झाला. रोज एक पाव, रविवारी दोन, आणि नाताळच्या दिवशी सेन्योर नॉर्मान पाव घेण्याआधी मला इंग्रजी पद्धतीचा कागदाचा मुकुट घालायला लावायचे, त्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, तो म्हणाला. कुणाला बाबाची इंग्लिश गाडी आठवली, उलट्या बाजूला स्टिअरिंगचं चाक असलेली, जी अरुंद गल्लीत शिरली की सगळ्यांना खुर्च्या उचलून आत पळावं लागायचं. कुणाला तो प्रत्येक तरुणाला आरशात पाहायला शिकवायचा ते आठवलं. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले, आणि व्हिसेन्त लिहीत होता. लिहिता लिहिता त्यानं मिशी पुसली. त्याला स्वतःला काही सांगायची परवानगी नव्हती ना.

मी फाटकाला टेकून ऐकत होते. तुझा बाबा इथे इतका राहिला होता. आणि त्यातला एकही दिवस तुझ्याजवळ नव्हता, हेही मला तेव्हाच जाणवलं.

आई


बेनिरोक, १९ नोव्हेंबर

जिलियन,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता सरळच लिहिते.

गल्लीचा जबाब पोचला, पण घोडं पेंड खातंय ते तुझ्या पत्त्यावर. अधिकारी म्हणतात, शेजाऱ्यांनी आधी एक सांगितलं, मग दुसरं. कशावर विश्वास ठेवायचा? इंग्लंडचे सगळे कागद तर म्हणतात की ही बाई मुलीकडे राहते. तेव्हा मुलीनं वकिलासमोर सही करून लिहून द्यावं की आई-वडील त्या घरी कधीच राहिले नाहीत. वर्ष संपायच्या आत. नाहीतर अर्ज फेटाळला जाईल, आणि मग मी माझ्याच घरात नव्वद दिवसांची पाहुणी.

म्हणजे तुला जे सगळ्यात जास्त लागलं, तेच मी तुझ्याकडून लिहून, सही करून मागतेय. मला हे कळतं.

ती मागची खोली तू आमच्यासाठी रंगवलीस, आम्ही निघालो त्या उन्हाळ्यात. ठरलंच होतं, सहा महिने ऊन, सहा महिने जिलियन. बाबानं फडताळासाठी भिंतीचं माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि पहिल्या नाताळात तपकिरी सपाता मुद्दाम पलंगाखाली ठेवून आला. "परत यायचंच आहे, ओझं कशाला न्यायचं?" दुसऱ्या वर्षी त्याची पाठ दुखली. तिसऱ्या वर्षी मी पडले. मग बदाम होते, मग आम्पारोचा नवरा गेला, मग विमानं महाग झाली. दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. खोटं नव्हता बोलत गं. दर वर्षी त्याला खरंच तसं वाटायचं.

कॉन्सुएलोला वाटतं तो करापायी नाव नोंदवत नव्हता. गल्लीलाही तसंच वाटतं. बारमधल्या मित्रांनाही. मीही बरीच वर्षं तेच धरून चालले. पण एकदा मी त्याला ओढत नगरपालिकेत नेलं होतं. खिडकीतल्या बाईनं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि विचारलं, "म्हणजे इंग्लंडचा पत्ता कायमचा सोडला, असं लिहू?" तुझ्या बाबानं टोपी घातली आणि बाहेर चालायला लागला. मी मागून पळत गेले, भर चौकात त्याच्यावर ओरडले. तो थांबला आणि म्हणाला, "जिलनं खोली रंगवलीय, एनिद."

बास, एवढंच. कराचं नुसतं निमित्त होतं. आपण परत जाणार नाही हे त्याला कुणासमोर मान्य करायचं नव्हतं, सरकारसमोर नाही, तुझ्यासमोर तर नाहीच.

आणखी एक. जुलैत मी चारही दिवस मेव्हिसकडेच नव्हते. दुसऱ्या दिवशी हॅलिफॅक्सला आले. समोरच्या दाराची घंटा वाजवायचा धीर झाला नाही, म्हणून मागच्या गल्लीत गेले, कचऱ्याच्या डब्यांपाशी. वरच्या खिडकीला तेच पडदे होते. धुतलेले. तू कुठल्यातरी खोलीत रेडिओ लावला होतास. मी ऐकत उभी राहिले, मग पाऊस आला आणि बसस्टॉपवर गेले.

लहानपणी तू बाबाच्या पावलांवर उभी राहायचीस, त्याच्या सपातांवर, आणि तो तुला तसाच घरभर फिरवायचा. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून जिन्यापर्यंत. "वळायच्या आधी आरसा!" म्हणायचा, आणि तू मान वळवून बघायचीस. मला ते इतकं स्पष्ट दिसतं की लोकरीचा वाससुद्धा येतो.

मला इथून जायचं नाही, जिलियन. मी सत्त्याहत्तरीला आलेय, बाबा भिंतीत आहे, शेजारची जागा माझी आहे, आणि संध्याकाळी माझी खुर्ची बाहेर दिसली नाही तर आम्पारो दार ठोठावते. पण तू लिहून दिलं नाहीस तर मी तुला बोल लावणार नाही. घर विकीन, मेव्हिसजवळ कुठेतरी राहीन, तुझ्या गळ्यात पडणार नाही. खरं सांगितलं की करवालेही मागची वर्षं उकरणार; तो कर भरायला बाबाची गाडी विकली. व्हिसेन्तनंच घेतली. गल्लीला आता खुर्च्या उचलायची सवय मोडता येणार नाही.

आई


बेनिरोक, १५ डिसेंबर

जिलियन,

तपकिरी पाकीट सोमवारी आलं. पेन्शनचं पत्र, बँकेचं पत्र, आणि त्यांच्यामधे वकिलाच्या शिक्क्याचा कागद. मी तो उभ्यानंच वाचला.

"मी, जिलियन बूथ, लिहून देते की माझे आई-वडील या पत्त्यावर कधीही राहिले नाहीत. ते हा पत्ता फक्त टपालासाठी वापरत. खोली तयार होती. अजून आहे."

मी खुर्चीत बसले. आम्पारोनं खिडकीतून पाहिलं आणि सूप घेऊन आली. इथे कशावरही सूपच.

इंग्रजी कागद इथे चालत नाही, सरकारमान्य अनुवादकाकडून त्याचं भाषांतर करून घ्यावं लागतं. आल्कोयला सेन्योर बर्नात म्हणून एक आहेत, अतिशय नेटके, टेबलावर एकच पेन. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "पहिली दोन वाक्यं पुरेशी आहेत, बाई. मुलीला सांगा, तेवढ्याच दोन ओळींचा नवा कागद पाठव. शेवटची दोन तुम्हालाच नडतील. तिकडे खोली अजून तयार आहे म्हटल्यावर अधिकारी म्हणेल, मग जा ना तिकडेच."

कॉन्सुएलोला फोन लावला. ती एवढी ओरडली की सेन्योर बर्नात यांनाही ऐकू गेलं. "एनिद, डोकं फिरलंय का? तीन महिने आम्ही सगळे मरमर मरतोय! दोन वाक्यांसाठी घर घालवणार?"

ती खरंच बोलत होती. मी कागदाकडे पाहिलं. दीड वर्ष मी पाकिटं झटकत होते, जिलियन. त्यातून एकदाची दोन वाक्यं पडली होती, आणि तीच खोडून नवा कागद पाठव असं मी तुला सांगायचं?

"सगळं लिहा," मी सेन्योर बर्नातना म्हटलं. "एक शब्द कमी नको."

काल परदेशी लोकांच्या कचेरीत आमचा नंबर होता. कॉन्सुएलो शेजारी बसून जपमाळ ओढत होती, देवावर तिचा विश्वास नाही तरी. खिडकीतली बाई निवृत्तीला आलेली, चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं तुझा कागद सुरुवातीपासून मोठ्यानं वाचला, एका सुरात, विजेचं बिल वाचावं तसा. शेवटच्या दोन वाक्यांशी थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कॉन्सुएलोनं माझा दंड घट्ट धरला.

"खोली तयार होती?"

"हो."

"आणि तुम्ही राहिला नाहीत."

"नाही."

"म्हणजे रिकामी होती. एवढी सगळी वर्षं."

"हो," मी म्हटलं. मग खिडकीशी सरकून पुन्हा म्हटलं. "हो. रिकामी होती."

तिनं ठप्पा उचलला, पहिल्या दोन वाक्यांवर मारला, कागद थोडा सरकवला आणि शेवटच्या दोनांवरही मारला. "तुम्ही इथे राहत होता," ती म्हणाली, "हे आता मला पटलं."

बोटांचे ठसे जानेवारीत, मग कार्ड. त्यावर पत्ता असेल बेनिरोकचा, आणि एउसेबिओला मी या आठवड्यात विजेच्या बिलावरून मुक्त केलंय. आमचं टपालही आता सरळ इकडेच येईल. म्हणजे तपकिरी पाकिटं बंद. मला या सगळ्यात भीती वाटली ती फक्त त्याची, म्हणून एक विनंती. पाठवायला काही नसलं तरी पाठवत जा. मी झटकीन.

कार्ड हातात पडलं की एप्रिलमध्ये येते. पाच-सहा दिवस. या वेळी समोरच्या दारानं येईन. बाबाच्या सपाता पलंगाखालून काढू नकोस. मला मोठ्या होतील, पण सकाळी खाली चहाला येताना मी त्याच घालून येणार आहे.

आई